डॉ. कमला सोहोनी : पेशीचा श्वास उलगडणाऱ्या मराठी शास्त्रज्ञ

दुर्गाबाई भागवत हे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा आणि आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या लेखिका म्हणून आपल्या भिलाईतील वाचनप्रेमी मंडळीही त्यांना ओळखतात. पण दुर्गाबाईंच्या पाठच्या बहिणीचे, डॉ. कमला सोहोनी यांचे नाव घेतले की बहुतेक जण विचारात पडतात. यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा असे संपादक मंडळाकडून सांगणे आले, तेव्हा मी हेच नाव निवडले.

मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनीअर. दहावीनंतर माझा जीवशास्त्राशी संबंध सुटला, तो माझी मुलगी अकरावीत गेल्यावर पुन्हा जुळला. तिच्या पुस्तकातले पेशीचे प्रकरण तिच्यासोबत बसून वाचताना सायटोक्रोम सी नावाचा एक पदार्थ भेटला. वनस्पतींच्या पेशींतील याच पदार्थाच्या अभ्यासावर एका मराठी बाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आहे हे कळल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. वाचलेले जसे समजले तसे आपल्यापुढे ठेवतो.

इंदूरचे भागवत कुटुंब

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रुजलेले हे मराठी कुटुंब. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या देणगीतून बंगलोरला १९०९ साली जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिच्यातून बाहेर पडलेल्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत या दोन भावांची गणना होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला रसायनशास्त्राची ओढ वाटावी यात नवल नव्हते. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी. एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र मुख्य आणि पदार्थविज्ञान दुय्यम विषय होता, आणि गुणवत्ता यादीत त्या पहिल्या आल्या.

पुढचा मार्ग त्यांच्या दृष्टीने ठरलेलाच होता. वडील आणि काका जिथे शिकले त्याच बंगलोरच्या संस्थेत संशोधन करायचे. त्यांनी अर्ज पाठवला आणि तो नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

बंगलोरचा दरवाजा

संस्थेच्या संचालकपदी त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून देशाची मान उंचावणारे आणि १९३३ मध्ये त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले हे थोर शास्त्रज्ञ. संशोधन हे स्त्रियांचे काम नव्हे अशी मात्र त्यांची धारणा होती. कमलाबाई वडिलांसोबत बंगलोरला जाऊन त्यांना भेटल्या. गुणपत्रिकेत पहिला क्रमांक होता, घरात रसायनशास्त्राची परंपरा होती, तरी नकार कायम राहिला.

देशात तेव्हा गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे होते. कमलाबाईंनीही तोच मार्ग धरला. प्रवेश का नाही याचे कारण द्या, तोवर मी इथून हलणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नाहीत, त्यांचे काम पसंत पडले तरच पुढचे पाहू. मार्गदर्शक सांगतील तसे रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

वाचकहो, या तिसऱ्या अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या कुठल्याही मुलाला अशी अट घातली गेली नसणार, मग त्याचे गुण कमलाबाईंपेक्षा कमी का असेनात. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम करायचे होते. पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे साठ वर्षांनी, वयाच्या ऐंशीच्या पुढे, मुंबईतल्या एका समारंभात त्यांनी तो प्रसंग स्वतः सांगितला. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण या एका बाबतीत त्यांचे मन कोते होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता बोलून दाखवले.

बंगलोरला त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले. शिस्तीला कडक, पण विद्यार्थ्याला हाताला धरून घडवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांना त्यांच्या कामात खोट काढता आली नाही. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि १९३६ साली विशेष गुणवत्तेसह एम. एस्सी. झाल्या. यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन यांनी मत बदलले हेही प्रांजळपणे नोंदवायला हवे. पुढे १९४० च्या सुमारास अन्ना मणी या मुलीने त्यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले आणि हवामानशास्त्रात मोठे नाव मिळवले.

केंब्रिज आणि बटाटा

मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई १९३७ च्या डिसेंबरमध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तिथल्या जैवरसायन प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना बरोबरीने काम करायला मिळे. त्या काळी असे ठिकाण दुर्मीळ होते. एरवी केंब्रिजही फार पुढे गेलेले नव्हते. तिथे अभ्यास करून परीक्षा देणाऱ्या स्त्रियांना १९४८ पर्यंत नावापुरती पदवी मिळे, विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व मिळत नसे.

कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्यासोबत काम केले. ते दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींवर काम करणारे नामवंत शास्त्रज्ञ. इथे कमलाबाईंच्या हातात आला आपला रोजचा बटाटा. त्यांनी त्यात काय पाहिले हे समजायचे तर आधी पेशीत एक फेरफटका मारावा लागेल.

पेशी म्हणजे काय?

आपल्या मुलांची इथे एक गंमत होते. शाळेतल्या हिंदीत ती ‘कोशिका’ शिकतात. घरी आपण ‘पेशी’ म्हणालो की त्यांना दुर्गच्या कोर्टातली तारीख आठवते! शब्द कोणताही घ्या, वस्तू एकच. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला लहान लहान खोल्या दिसल्या. त्याने त्यांना सेल म्हणजे खोली हे नाव दिले. १८३८-३९ मध्ये श्लायडेन याने वनस्पतींबाबत आणि श्वान याने प्राण्यांबाबत सांगितले की सगळे सजीव अशा पेशींचेच बनलेले आहेत. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात आणि एका माणसात त्या सुमारे ३० लाख कोटी भरतात असा अंदाज आहे.

मला पेशी समजली ती रेल्वेच्या एखाद्या मोठ्या वर्कशॉपसारखी. भोवती कंपाउंड असते, त्याचे नाव प्रद्रव्यपटल. त्याला ठिकठिकाणी गेट आहेत आणि आत-बाहेर जाणाऱ्या मालाची तपासणी तिथे होते. मध्ये केंद्रक, म्हणजे ड्रॉइंग ऑफिस. सगळी मूळ ड्रॉइंग तिथे डीएनएच्या रूपात जपून ठेवलेली. मूळ ड्रॉइंग कधी बाहेर जात नाही, लागेल त्या भागाची प्रत काढून शॉप फ्लोअरवर पाठवतात. तिथे रायबोझोम नावाचे कारागीर त्या प्रतीबरहुकूम प्रथिने तयार करतात. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी पिंड हे पॅकिंग आणि पार्सल खाते. लयकारिका म्हणजे स्क्रॅप यार्ड, निकामी झालेले भाग तिथे मोडले जातात. आणि या सगळ्यांना लागणारी शक्ती पुरवणारे सबस्टेशन म्हणजे तंतुकणिका, इंग्रजीत मायटोकाँड्रिया.

वनस्पतीच्या पेशीत याखेरीज बाहेरून एक टणक भिंत असते, पाणी साठवणारी मोठी रिक्तिका असते, आणि हिरव्या भागांत सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारी हरितलवके असतात. बटाटा जमिनीखाली वाढतो, त्यात हिरवे काही नाही. त्याला साठवलेल्या पिठावरच जगावे लागते. पोत्यात भरून ठेवलेले बटाटे आतून गरम होतात हे भाजीवाल्यांना चांगले माहीत असते. ती ऊब त्यांच्या श्वासाची. बटाटाही हवेतला ऑक्सिजन घेतो आणि साठवलेले अन्न हळूहळू जाळतो.

टोकनचा गोळा

अन्न जाळणे म्हणजे पेशीत आग लावणे नव्हे. एकदम जाळले तर सगळी शक्ती उष्णतेत जाईल आणि पेशीही भाजून निघेल. आपल्या इलेक्ट्रिक इंजिनावर तारेत २५,००० व्होल्ट असतात, पण ते तसेच मोटरला देत नाहीत, ट्रान्सफॉर्मरने पायरीपायरीने उतरवून घेतात. पेशीही तेच करते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेतल्या प्रथिनांच्या रांगेतून एकेक पायरी खाली उतरतात आणि प्रत्येक पायरीवर सुटणारी शक्ती पकडली जाते. त्या शक्तीने पडद्याच्या एका बाजूला धरणासारखा साठा होतो. साठा परत वाहताना एक सूक्ष्म चक्र टर्बाइनसारखे फिरते आणि एटीपी हा शक्तीचा तयार पदार्थ बनतो. आपल्या शरीरात दिवसभरात बनणाऱ्या आणि खर्च होणाऱ्या एटीपीचे वजन केले तर ते साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरेल, असा हिशेब सांगतात.

या रांगेत सायटोक्रोम सी चे काम निरोप्याचे. एका मोठ्या प्रथिन-संचाकडून तो एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्या, शेवटच्या संचाकडे नेऊन देतो. जुन्या सिंगल लाइनवर ड्रायव्हर टोकनचा गोळा घेऊन निघत असे आणि पुढच्या स्टेशनला सुपूर्द करत असे, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. एका वेळी एकच गोळा. शेवटच्या स्टेशनवर ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी बनते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः याच शेवटच्या कामासाठी. ऑक्सिजन मिळाला नाही तर शेवटचे स्टेशन लाइन क्लिअर देत नाही आणि मागची सगळी वाहतूक ठप्प होते. सायनाइडचे विष माणसाला काही मिनिटांत मारते ते हेच शेवटचे स्टेशन बंद पाडून.

आता भिलाईकरांना खास जवळची गोष्ट. सायटोक्रोम सी मध्ये इलेक्ट्रॉन धरणारा हात म्हणजे लोखंडाचा एक अणू. हीम नावाच्या चौकटीत तो बसवलेला असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही अशीच चौकट आहे. दल्ली-राजहराहून मालगाड्या भरभरून जो लाल दगड आपल्या कारखान्यात येतो, तो हेमेटाइट. हीम आणि हेमेटाइट ही दोन्ही नावे रक्त या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून आली आहेत. ब्लास्ट फर्नेस त्या दगडातला ऑक्सिजन काढून घेते, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत लोखंडाच्या अणूला इलेक्ट्रॉन परत देते. त्यासाठी आपल्याला कोक जाळून भट्टी दीड हजार अंशांच्याही वर तापवावी लागते. पेशीत लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि सोडतो तो शरीराच्या ३७ अंशांवर, आणि हे काम सेकंदाला अनेकदा चालते.

कमलाबाईंनी काय दाखवले?

सायटोक्रोम हे नाव १९२५ साली केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांनी दिले. अर्थ, पेशीचा रंग. वर्णपटदर्शकातून पाहिले असता या पदार्थाचे ठरावीक काळे पट्टे दिसतात. इलेक्ट्रॉन घेतलेला असला की पट्टे स्पष्ट होतात, हवा मिळून इलेक्ट्रॉन पुढे गेला की पुसट होतात. सिग्नलचा दिवा पाहून लाइन मोकळी की भरलेली हे ओळखावे तसे.

प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये ही व्यवस्था बरीच उलगडली होती. वनस्पतींबाबत मात्र मतभेद होते. चिरलेला बटाटा थोड्या वेळात तपकिरी पडतो तो एका वेगळ्याच विकरामुळे. वनस्पतीचा श्वास बराचसा त्याच विकरावर चालत असावा असे काही संशोधकांना वाटत होते. तसे असते तर वनस्पतीची आणि आपली पेशी श्वासाच्या बाबतीत निराळ्या घडणीच्या ठरल्या असत्या. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारे विकरही तिथे आहे. १९३९ साली हिल आणि कमला भागवत या जोडनावाने यावरचे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक टंकलिखित पानांचा होता असे सांगतात. केंब्रिजची विज्ञानातली पीएच. डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

त्या वेळी ही यंत्रणा पेशीच्या नेमक्या कोणत्या खोलीत बसलेली आहे हेही ठरलेले नव्हते. ती तंतुकणिकेत असते हे १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. पुढे सायटोक्रोम सी ची रचना कडी-कडीने वाचली गेली. माणसात त्याच्या १०४ कड्या आहेत. माणूस आणि चिंपांझी यांच्यात त्यातली एकही कडी वेगळी नाही, आणि माणूस व गहू यांची साखळी जुळवून पाहिली तरी अर्ध्याहून अधिक कड्या सारख्या भरतात. १९९६ साली आणखी एक गोष्ट कळली. पेशी दुरुस्तीपलीकडे बिघडली की हाच सायटोक्रोम सी तंतुकणिकेतून बाहेर पडतो आणि पेशीला स्वतःला संपवण्याचा इशारा देतो. कर्करोगाच्या अभ्यासात आज या इशाऱ्याला मोठे महत्त्व आहे.

पुन्हा मायदेशी

केंब्रिजला किंवा अमेरिकेत राहणे त्यांना शक्य होते. पण १९३९ साली कमलाबाई परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्या जैवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. १९४९ पासून मुंबईच्या विज्ञान संस्थेत नव्याने निघालेला जैवरसायन विभाग त्यांनी उभा केला.

इथे त्यांनी विषय निवडले ते गरिबाच्या ताटातले. डाळी आणि कडधान्ये हे आपले स्वस्तातले प्रथिन. पण कच्च्या कडधान्यात असे काही पदार्थ असतात की जे आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात, त्यामुळे खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. १९५५ साली कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या वालातून असा अडथळा करणारा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा करून दाखवला. तो उष्णतेने बराचसा निकामी होतो. म्हणजे वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून बिरडे करण्याची आपल्या आज्या-पणज्यांची रीत शास्त्राला धरूनच होती.

दुसरे काम नीरेचे. ताडा-शिंदीच्या झाडाचा ताजा रस सूर्योदयापूर्वी घेतला तर तो नीरा, आंबला की त्याची ताडी होते. आपल्याकडे बस्तरची सल्फी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास व्हावा ही सूचना होती राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आपल्या कारखान्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन करणारे राजेंद्रबाबू ते हेच. नीरेत लोह आणि जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात असतात आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात ती दिली तर त्यांची तब्येत सुधारते, असे कमलाबाईंच्या कामातून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. केंब्रिजला त्यांनी एका अणूत पाहिलेले लोह इथे भुकेल्या माणसाच्या पेल्यापर्यंत आले, असे मला वाटते.

आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थी संशोधक म्हणून तयार झाले. मात्र संस्थेचे संचालकपद त्यांना चार वर्षे उशिराच मिळाले. योग्यता होती, अनुभव होता, तरी वाट पाहावी लागली. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती. त्या संस्थेत कमलाबाईंनी पुढे हिरिरीने काम केले, १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहिले. शाळकरी मुलांसाठी मराठीत विज्ञानाची पुस्तकेही लिहिली.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. डॉ. सत्यवती या परिषदेच्या पहिल्या महिला प्रमुख. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच अवधीत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले. २०२३ साली १८ जूनला गूगलने त्यांच्या ११२ व्या जन्मदिनानिमित्त आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

आपल्यासाठी

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका ठिकाणी पहिल्यांदा मुली तांत्रिक कामावर रुजू झाल्या, तेव्हा त्यांना जमेल की नाही हे पाहू, असे सगळेच म्हणत होते. त्याच आठवड्यात रुजू झालेल्या मुलांबद्दल कोणी तसे म्हटले नाही. मुलींना जमले. आज इंजिन चालवणाऱ्या मुली आपण रोज पाहतो. तरी ती सुरुवातीची नजर मला आठवते, आणि कमलाबाईंचे ते परीक्षेवर काढलेले वर्ष वाचताना ती अधिकच टोचली.

आपली भिलाई शिक्षणाच्या बाबतीत नाव कमावलेली आहे. दहावीचा निकाल लागला की घरोघर इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या कोचिंगची चर्चा सुरू होते. माझ्या मुलीने मात्र जैवरसायनात संशोधन करायचे आहे असे सांगितले. नातेवाइकांचे प्रश्न आले. त्यात वर्षे किती जातील, इतक्या लांब मुलीला कशाला पाठवायचे, लग्नाचे वय निघून जाईल. प्रश्न काळजीपोटीच होते, त्यांच्यावर माझा राग नाही. पण हेच तिच्या चुलतभावाने म्हटले असते तर पहिला प्रश्न कॉलेज कोणते, हाच झाला असता. तिच्या आईने आणि मी ठरवले आहे की तिला जिथे प्रवेश मिळेल तिथे ती जाईल. आम्ही घरातून तिला एकही अट घालणार नाही. फी, हॉस्टेल आणि प्रवास यांची तजवीज करणे एवढे आमचे काम.

मंडळाच्या गुणवंत सत्काराला यंदाही अनेक मुली व्यासपीठावर येतील. त्यांच्या पालकांना माझी विनंती आहे. मुलीने विज्ञानाची वाट निवडली तर तिचे गुण पाहा, आवड पाहा आणि मुलाबाबत जे विचारले असते तेवढेच विचारा. नारायणराव भागवतांनी ९० वर्षांपूर्वी तेच केले. मुलीला घेऊन ते स्वतः बंगलोरला गेले आणि नोबेल मिळवलेल्या माणसासमोर तिच्या बाजूने उभे राहिले.

बुद्धिदाता श्रीगणराय आपल्या सर्व मुलामुलींना यश देवो.

गणपती बाप्पा मोरया!